एकविसावी जागा

"तुझ्या मायचं नाव खोड, नागसेन. तिथं कृष्णराज साहेबांच्या मेव्हण्याचं टाक," सोमेशशेठ म्हणाले.

यादीत एकविसावे नाव होते : सुमनबाई आबाराव गायकवाड.

"शेठ, ही जागा माझी हाय. ठरलं व्हतं आपलं."

"व्हय की. वीस तिकिटांमागं एक जागा फुकट, विकणाऱ्यानं वाटंल त्याला द्यावी. पण साहेब पुढच्या साली शंभर माणसं दुबईला नेणारंत. लाव फोन, गोड बोल. तेवढ्यासाठीच तर ठेवलाय तुला!"

तुळजापूरच्या या कचेरीत बसून चार वर्षे मी कंपन्यांना सहली विकत आलो. या नोकरीने बाबांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले, मला समुद्र दिसला, माझ्या सास्तूर गावात लोक मला 'साहेब' म्हणू लागले. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण माझ्यासारख्या अबोल माणसाला तिने हुकुमासरशी हसायला शिकवले, आणि ते हसू आता एकांतातही चेहऱ्यावरून उतरत नसे. कृष्णराजांच्या बियाणे कंपनीला या सहलीत फक्त काशी हवी होती. बोधगयेचे दोन दिवस मी जोडले होते, मायसाठी.

मी फोन लावला.

"मेव्हण्याला खिडकीजवळची सीट बघ हां," कृष्णराज म्हणाले. "पहिल्यांदाच बसतोय इमानात."

मायही पहिल्यांदाच बसणार होती. हे वाक्य माझ्या दातांपर्यंत येऊन थांबले.

"नक्की सर," माझा आवाज म्हणाला. आणि हसला. त्या हसण्याचा मला जेवढा संताप आला, तेवढा कृष्णराजांचाही आला नाही.

दुपारीच रजा टाकून मी सास्तूरला गेलो. माय ओसरीत मेणबत्त्या बांधत होती. बोधिवृक्षाजवळ लावायला विहारातल्या अकरा बायांनी एकेक आणून दिली होती. प्रत्येकीवर चिठ्ठीत नाव. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले.

"मेव्हण्याला तिथं काय करायचंय?" तिने विचारले.



"माय, आपण बायांना सांगू, तुझी तब्येत बरी न्हाय म्हणून."

"का म्हणून? म्या आजारी न्हाय."

"मग मेणबत्त्या तरी देतो त्यांच्याकडं. लई चांगली माणसं हायत, आठवणीनं लावतील. तू अजिबात काळजी करू नको..."

तिने वर पाहिले. "असं तुझ्या गिऱ्हाइकाशी बोल. माझ्याशी नको."

ती आत गेली. प्रवासासाठी घेतलेले पांढरे लुगडे नेसून बाहेर आली आणि गाठोडे उचलून चालू लागली. मी काही पावले मागे राहिलो.

पहिले घर बानूबाईंचे.

"अगं सुमन, आजच निघालीस व्हय?"

"न्हाय. माझी जागा साहेबाच्या मेव्हण्याला दिली. ही तुमची मेणबत्ती. नाव बघून घ्या."

बानूबाईंनी माझ्याकडे पाहिले. माझ्या खिशातला फोन वाजू लागला. पडद्यावर कृष्णराजांचे नाव होते. ओठ सवयीने हसण्यासाठी ताणले गेले. मी ते दातांखाली धरले, रक्ताची चव येईपर्यंत. फोन वाजून वाजून थांबला.

तोवर मायने पदर सावरून पुढच्या दाराची कडी वाजवली होती. गाठोड्यात अजून दहा मेणबत्त्या होत्या.