पारा शंभरावर थांबला नाही

सगळा कारखाना त्यांना वाफेच्या बाई म्हणायचा. म्हणणारच! मॅनेजरपासून फिटरपर्यंत निम्म्या लोकांचे कान त्यांनी तंत्रशाळेत पिळले होते. आणि आज याच बाई, ज्या पाइपाने त्यांच्या मुलाचा जीव घेतला त्याच पाइपाला येणारी वाफ मोजायला आल्या होत्या. वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये.

पाइप फुटला तो आत साचलेल्या पाण्याच्या तडाख्याने. ते पाणी आलं कुठून? बॉयलरच ओली वाफ सोडत असेल, तर दोष बॉयलरवाल्याचा. वाफ कोरडी असेल, तर दोष मुलाचा. गार पाइपात वाफेचं पाणी होतं. ते काढत काढत व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा असतो. त्याने एकदम उघडला असणार, घाईने.

"बाई, तुम्हीच मोजा. तुमचा आकडा आम्हाला मान्य," मॅनेजर म्हणाला होता.

घाई कसली, ते सुनेला ठाऊक होतं. त्या दुपारी तिनेच फोन केला होता, "आज तरी लवकर ये रे." तेव्हापासून पोरीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. वाफ ओली निघाली तर ती यातून सुटणार होती. गेलेला गेला, निदान ही तरी राहू दे, एवढंच बाईंना हवं होतं.

मोजायची रीत सोपी. थोडी वाफ बारीक भोकातून मोकळ्या भांड्यात सोडायची आणि थर्मामीटर बघायचा. वाफेत पाणी फार असेल तर सगळी उष्णता ते उकळण्यातच जाते आणि पारा शंभरावर अडून बसतो. वाफ जेवढी कोरडी, तेवढा तो वर चढतो.

नळी जोडली फिटरने, मुलाच्या जिवलग मित्राने. बाईंनी पाहिलं तर नळी उघडीच! अशी नळी हवेने गार पडते, वाटेतच वाफेचं पाणी होतं आणि कोरडी वाफही ओली दिसते. या चुकीसाठी बाईंनी पोरांना अख्खा तास उभं केलेलं.

"हे काय रे?"

"विसरलो, बाई." पण गडी नजर वर उचलेना. विसरतोय कसला!

सून दाराशी उभी होती. म्हातारा बॉयलरवाला भिंतीला टेकलेला, तोंड एवढंसं झालेलं. बाई नुसत्या गप्प राहिल्या असत्या तरी भागलं असतं. सून सुटली असती, आणि न केलेला गुन्हा त्या म्हाताऱ्याच्या माथी बसला असता.

"जाड कापड आण," बाई म्हणाल्या. नळीला ते त्यांनी स्वतःच गुंडाळलं.

पारा शंभरावर आला. थांब रे बाबा, इथेच थांब, बाई मनात म्हणाल्या. मेला थांबतोय कशाला! चढत चढत एकशेतीसला गेला. बाईंनी तक्ता काढून पाहिला.

"शंभर भागांत अठ्ठ्याण्णव भाग वाफ, दोन भाग पाणी. एवढं चालतं. वाफ कोरडी आहे."

बॉयलरवाला मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडला. सुनेला आकडे कळत नव्हते, त्याचं रडणं कळलं. फाटकाबाहेर तिने बाईंचा हात धरला.

"आई, म्हणजे माझ्या फोनमुळेच ना?"

"तुझ्या नाही गं. तुझ्यानंतर मीही केला होता. मला बरं वाटत नाहीये, असशील तसा निघ, म्हणाले."

सून बघतच राहिली. "तुम्ही? सगळं ठाऊक असून तुम्ही त्याला घाई केलीत?" तिने हात झटकला आणि ओक्साबोक्शी रडत पुढे निघून गेली.

त्या दिवशी बाईंनी फोनला हातही लावला नव्हता.

घरी सुनेने ताट वाढून घेतलं आणि बाईंकडे पाठ करून बसली. बाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. पोरगी रडत रडत जेवत होती.