हिरवा शर्ट

मार्लाने दोन्ही टी-शर्ट इस्त्रीच्या फळीवर शेजारी शेजारी पसरले. निळा विद्यापीठाचा, हिरवा गावातल्याच कॉलेजचा. आज पहिली मे, पुढचं कॉलेज पक्कं करायचा शेवटचा दिवस. बारावीच्या पोरांनी आपापल्या कॉलेजचा शर्ट घालून शाळेच्या जिममध्ये उभं राहायचं आणि आईबापांनी फोटो काढायचे.

"काल निळा ठरला होता," तिची लेक केरिस ओले केस पुसत म्हणाली.

"मग घाल की. मी कुठे अडवतेय?" मार्लाने इस्त्री हिरव्यावर फिरवली.

"मग इस्त्री त्याला का?"

"चुरगळलाय म्हणून."

निळा म्हणजे भूशास्त्र, चार वर्षं. हिरवा म्हणजे दोन वर्षांत दंतवैद्याच्या हाताखाली पक्की नोकरी. मार्लाकडे जीवशास्त्राची पदवी होती. गेली चौदा वर्षं ती इस्पितळाच्या खिडकीशी बसून रक्ताच्या नळ्यांवर लोकांची नावं चिकटवत होती.

"मॉम, खरं सांग. पुन्हा निवडायचं असतं, तर तू विज्ञान घेतलं असतंस?"

मार्लाने इस्त्री उभी केली. दुसऱ्या वर्षाला सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दुभंगताना पहिल्यांदा दिसली, तेव्हा ती जेवायचं विसरली होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"नसतं घेतलं."

"अगदी?"

"अगदी. दगडांना कुणी विचारत नाही गं. दात सगळ्यांचे किडतात."

केरिस हसली. हसता हसताच तिने हिरवा शर्ट उचलला. तो अजून गरम होता.

जिममध्ये विज्ञानाचे अन्रू सर भिंतीला टेकून उभे होते, काखेत तपकिरी कागदातलं काहीतरी घेऊन. त्यांची नजर निळ्या शर्टांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, परत आली, आणि मग हिरव्यांत थांबली. थोड्या वेळाने ते मार्लाजवळ आले.

"मला वाटलं होतं..."

"तिनंच ठरवलं, सर."

"हो. तिनंच ठरवलं असणार." त्यांनी पुडकं पुढे केलं. "हे ठेवा. दगड फोडायची हातोडी आहे. दांड्यावर तिचं नाव कोरून घेतलंय, आता दुकानदार काही परत घ्यायचा नाही."

मार्लाने ते घेतलं. वजन तिला वाटलं त्यापेक्षा जास्त होतं. तिने पुडकं घाईघाईने खांद्यावरच्या बॅगेत सरकवलं आणि फोन वर धरला. केरिस मैत्रिणींच्या गळ्यात हात टाकून उभी होती. फोटो चांगला आला.

"सर काय म्हणत होते?" केरिस धावत आली.

"अभिनंदन म्हणाले."

"इतकंच?"

"इतकंच."

केरिस दाराकडे निघालेल्या सरांच्या पाठीकडे बघत राहिली. मार्लाने बॅगेची चेन ओढली. दांडा आडवा येत होता. चेन पुरती लागेना.