पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे

मी एक जुना फॉन्ट आहे. म्हणजे अक्षरांचा आणि आकड्यांचा एक संच. गाड्यांच्या शर्यतीच्या एका खेळात, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वेग दाखवायचा, एवढंच माझं काम. मित्रांनो, दिसायला मी यथातथाच. रुंद, सरळ, ठोकळ्यासारखा. मला घडवणाऱ्याने आठवडाभरात हातावेगळं केलं आणि पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचं मला काही वाटत नाही.

मी राबलो एका निवृत्त क्रेनचालकाच्या घरी. दर रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाला स्टीअरिंग आवळून ते शर्यत लावायचे. शेजारी त्यांची मुलगी बसायची. ती दुकानांच्या पाट्या रंगवते. आठवडाभर दोघांची तोंडं दोन दिशांना. बोलणं व्हायचं ते याच एका तासात.

एकदा तिने नाक मुरडलं. "बाबा, किती बेंगरूळ आकडे आहेत हे. मी तुम्हाला नवे करून देते."

चार महिने खपून तिने ते केले. सडपातळ, तिरके, इंग्रजी 3 आणि 8 तर दिसायला सख्खी भावंडं. खेळ फाइलला नावाने ओळखतो, म्हणून तिने त्यांना माझंच नाव दिलं आणि मला 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये टाकलं. तिथूनही मला सगळं दिसतं, ऐकू येतं. बाबा "झकास" म्हणाले, तेही ऐकलं.

त्यानंतर दर रविवारी गाडी वळणावर आपटू लागली. "वय झालं आता. हे काढून ठेवू," असं म्हणत एका सकाळी बाबा स्टीअरिंगचे स्क्रू सैल करायला लागले. तो तास गेला तर दोघांत काही उरणार नाही, हे मलाही कळत होतं.

"थांबा, एकदा मला चालवू द्या," मुलगी म्हणाली.

त्यांच्या खुर्चीत ती पहिल्यांदाच बसली. नजर रस्त्यावर ठेवायची आणि वेग डोळ्याच्या कडेने टिपायचा. वळण आलं, आणि तिला तीस की ऐंशी तेच कळेना. गाडी कठड्यावर गेली. तिने आपले आकडे पाटी तपासावी तसे, मोठे करून, अगदी समोर धरून पाहिले होते. धावत्या गाडीतून एकदाही पाहिले नव्हते.

मग स्वतःचे आकडे काढून तिने मला जागेवर आणलं. बाबांनी अख्खी फेरी कुठेही न आपटता पुरी केली.

"दिसत नव्हतं, तर बोलला का नाहीत?"

"तू केले होतेस ना," बाबा म्हणाले. "म्हटलं, होईल सवय."

हे ऐकून मला वाईट वाटलं. एरवी मी कशाचं वाईट वाटून घेत नाही.

मित्रांनो, मला सुंदर म्हणू नका, त्याची गरज नाही. पण आपल्यावर माया असणारी माणसं तक्रार करत नाहीत, मुकाट्याने आपटत राहतात. त्यांच्यासाठी काही घडवलंत, तर एकदा त्यांच्या खुर्चीत बसून पाहा.