गरम फरशी

"आता जे सांगतो त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही. बसलाच, तर त्याच्या घरी फुकटात फरशी घालून देईन," असं म्हणत फरशीवाल्याने ड्रेसिंगच्या खोलीबाहेरच्या बाकावर पाय लांब केला.

शेजारी त्याची लेक. पलीकडे तसाच पाय सांभाळत बसलेला एक न्हावी. डॉक्टर आले की ठरणार होतं, फरशीवाल्याच्या पायाचा अंगठा राहतो की जातो. म्हणूनच म्हाताऱ्याच्या जिभेला आज हाड नव्हतं.

साखरेने त्याच्या तळव्यांची जाण केव्हाच खाल्ली होती. जखमेवरची नवी पट्टी मात्र शहाणी होती. लुसलुशीत, जेलीसारखी; जखम भरत असली की पिवळी, चिघळली की निळी. घरातही बूट काढायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. महिनाभर पट्टी पिवळीधमक होती, या आठवड्यात निळी पडली. का, ते कुणालाच कळेना.

"मला कळलंय," फरशीवाला हळूच म्हणाला. "हिची आई येते."

लेकीने मान वळवली नाही.

"या आठवड्यात वर्ष भरलं तिला जाऊन. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची ना, तिथेच येते. सगळी फरशी बर्फासारखी गार, अन् तेवढी एक गरम. मी बूट काढतो, तिच्यावर पाय ठेवतो. की सरकलीच."

"फरशी?" न्हाव्याने विचारलं.

"बायको हो. मी बसवलेली फरशी सरकेल होय?"

बाक हसला. फरशीवाल्याला हुरूप आला.

"ती पुढच्या फरशीवर जाते, मी ऊब चाचपत मागे. जन्मभर मी पुढे अन् ती मागे. आता फेडून घेतेय. घरभर फिरवते. भर दुपारी, दारं सताड उघडी. शेवटी तिच्या पलंगापाशी ऊब थांबते अन् माझ्या पायात शिरते. पट्टी निळी पडते ती तेव्हाच. जखमेला काही झालेलं नाही. पट्टी भ्यायलीय."

कुणी हसलं नाही. न्हाव्याने नकळत आपले पाय जमिनीवरून वर उचलून घेतले. फरशीवाल्याला वाटलं, जमलं. हेच डॉक्टरांनाही सांगावं.

"बाबा," लेक म्हणाली, "परवा कढत चहा पायावर सांडला. फोड आला. तुम्ही पेपर वाचतच राहिलात."

"मग?"

"मग फरशी गरम लागली कशी?"

फरशीवाल्याने लांब केलेला पाय बाकाखाली ओढून घेतला. लेक थांबली नाही.

"थाप आहे ही. आत गेल्यावर खरं ते सांगा, नाहीतर अंगठा जाईल. बूट काढून तुम्ही रोज घरभर आईला चाचपत फिरता. अन् तळव्याला काहीच जाणवत नाही."