अक्कांची पेटी

एक वाक्य. त्याखाली सही केली की उपसंचालकाची खुर्ची, खिडकीशेजारची खोली आणि निवृत्तीआधीची तीन वर्षं कुणाच्या दारात फाइल घेऊन उभं न राहता, एवढं सगळं संशोधक बाईंच्या पदरात पडणार होतं. ते वाक्य संचालकांनी स्वतःच टाइप करून आणलं होतं. बाईंच्या बोटांनाही त्रास नको.

"'पालकांकडील लसीकरण कार्डे विश्वासार्ह नसल्याने कारण निश्चित करता येत नाही,'" संचालकांनी वाचून दाखवलं. "आता यात खोटं काय आहे, सांगा."

"कार्डं विश्वासार्ह आहेत. कारण निश्चित करता येतं. बाकी शुद्धलेखन ठीक आहे."

ऑफिसात या बाईंना नमुनाबाई म्हणत. पोरांच्या रक्ताचे नमुने गोळा करत वस्त्या पालथ्या घालायच्या म्हणून हे नाव पडलं, असं त्यांना तोंडावर सांगितलं जाई. दुसरं कारण कुणी सांगत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची त्याला हरकतही नव्हती.

कारखान्यामागच्या वस्तीत घटसर्प निघाला होता. तीन पोरं. त्यातली दोन वर्षांची मुलगी दगावली. तिघांच्याही कार्डावर सगळे डोस घेतल्याच्या खुणा. नमुनाबाईंनी वस्तीतल्या दोनशे बारा मुलांचं रक्त तपासलं, तर लस घेऊनही दर तीन मुलांत एकाच्याही अंगात तिचा धड मागमूस नाही. शेजारच्या वस्त्यांत तीच लस, त्याच गाडीतून उतरलेली, चोख लागू पडलेली.

कार्डं खोटी ठरवली, तर दोष आईबापांचा आणि विषय संपला. कार्डं खरी म्हटली, तर वस्तीतल्या सहाशे चाळीस मुलांना खात्याने पुन्हा टोचायला हवं, तेही थंडी पडायच्या आत. थंडीत हा रोग घरात शिरला की भावंडं मोजून घेतो. थंडी सहा आठवड्यांवर होती.

"पुढच्या महिन्यात आपल्याला शंभर टक्के लसीकरणाचं मानचिन्ह मिळतंय," संचालक म्हणाले. "आणि त्या वस्तीच्या आरोग्य केंद्रावर नर्स कोण आहे, हे मी तुम्हाला सांगायचं का? घरातलंच माणूस आहे तुमचं. स्वतःच्या नणंदेच्या पोटावर पाय द्यायला तुम्हाला काय बक्षीस मिळणार आहे?"

"तेच तर तुम्ही आत्ता सांगत होता," नमुनाबाई म्हणाल्या आणि कागद तसाच ठेवून उठल्या.

नणंद म्हणजे अक्का. एकतीस वर्षं त्याच केंद्रावर. आई गेल्यावर धाकट्या भावाला तिनेच वाढवलं, शिकवलं, आणि मग ही बायको त्याने स्वतः शोधून आणली. या शेवटच्या गोष्टीबद्दल तिने त्याला कधी माफ केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नमुनाबाई केंद्रावर पोचल्या, तेव्हा अक्का फेरीवर न्यायची लसीची पेटी भरत होती. फरशी पुसलेली, टेबलावर एक डाग नाही, वह्या पाठ्यपुस्तकासारख्या कव्हर घातलेल्या.

"आलीस? आज रक्त कुणाचं?"

"कुणाचं नाही. बघायला आले."

"बघ की. तुझा धंदाच तो. काम आम्ही करायचं, बघायचं तुम्ही."

अक्काने फ्रीझरमधून बर्फाचे चपटे डबे काढले. दगडासारखे गोठलेले, वर पांढरं हिव साचलेलं. काढले तसेच पेटीच्या चारी बाजूंना बसवले, मधे लसीच्या कुप्या घट्ट खोचल्या आणि झाकण दाबलं.

"डबे बाहेर ठेवत नाहीस थोडा वेळ?"

"कशाला? वितळायला?"

"घाम फुटेपर्यंत ठेवायचे असतात. हलवले की आत पाणी वाजलं पाहिजे."

"माझ्या पेटीत पाणी वाजत नाही," अक्का म्हणाली. आवाजात अभिमान मावत नव्हता. "तीन उन्हाळ्यांपूर्वी वाजलं होतं. तुझ्या साहेबांनी तपासणीत हात घातला, म्हणाले कोमट आहे. वीस शिकाऊ पोरींसमोर पेटी उघडून धरायला लावली मला. म्हणाले, यात लस नेताय की आंघोळीचं पाणी? तेव्हापासून बघ म्हणावं कुणालाही हात घालून. बोटं काळीनिळी पडतील."

आदल्या दिवशीच्या फेरीतून न उघडता परत आलेली एक कुपी नमुनाबाईंनी फ्रीजमधून मागून घेतली. दुसरी, मुख्य भांडारातली, त्यांनी सोबत आणली होती. दोन्ही मुठीत धरून खळखळ हलवल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"हे काय, जादूचे प्रयोग?"

"अर्धा तास थांब."

"मला फेरीला जायचंय."

"आज नको जाऊस."

अक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आधी पाच मिनिटं रागाने, मग नुसती. भांडारातली कुपी दुधट होती तशीच राहिली. अक्काच्या पेटीतली मात्र वरून निवळायला लागली. तळाशी पांढरा गाळ बसत गेला आणि वर स्वच्छ पाणी राहिलं.

"एक्स्पायरी झाली असेल."

"तारीख बघ. पुढच्या वर्षीची आहे."

"लेबलावरचा चौकोन पांढरा आहे. खराब झाली की तो काळा पडतो. मी रोज बघते, एक दिवस चुकलेला नाही."

"तो गरमीने पडतो काळा. गोठली तर त्याला पत्ता लागत नाही. ही लस एकदा गोठली, अक्का, की संपली. मग टोचली काय, न टोचली काय."

अक्का खुर्चीवर बसली. एकतीस वर्षांत त्या खुर्चीवर ती कामाच्या वेळी बसलेली कुणी पाहिली नव्हती.

"मला कुणी सांगितलं नाही."

"प्रशिक्षणात होतं."

"त्या दिवशी मी फेरीवर होते. साहेबांना म्हटलं मला पण पाठवा, तर म्हणाले, तुम्ही वर्गात बसलात तर शंभर टक्के कोण करणार, मी?" गाळाची कुपी तिने बोटाने लांब सारली. "लिहिणार तू हे."

"हो."

"नावासकट?"

"केंद्राचं नाव लिहावंच लागेल. केंद्रात नर्स एकच आहे. पण तपासणीचं लिहीन, प्रशिक्षणाचं लिहीन."

"ते कोण वाचतंय. माझे चार महिने राहिलेत. चार महिन्यांनी लिही. मी गेल्यावर काय जाळायचंय ते जाळ."

"थंडी सहा आठवड्यांवर आहे."

"तुला आनंद होतोय ना?" अक्का म्हणाली. "खरं सांग. या घरात आल्यापासून वाट बघत होतीस."

नमुनाबाई खरं सांगायच्या बाबतीत पक्क्या होत्या, म्हणून त्यांनी विचार करून पाहिलं. आनंद नव्हता. पण सापडलं याचं समाधान होतं, थोडं का होईना, आणि ते चेहऱ्यावर दिसलं असावं. कारण अक्काने दोन्ही कुप्या उचलून त्यांच्या हातात कोंबल्या आणि दार दाखवलं.

जेवणाच्या वेळेपर्यंत बातमी नवऱ्यापर्यंत पोचली होती.

"चार महिने," तो म्हणाला. "चार महिने थांबलीस तर जग बुडेल?"

"जग नाही. घशात पडदा धरतो. पोराला श्वास घेता येत नाही."

"मी काय विचारतोय, तू काय सांगतेस! तिने माझ्यासाठी लग्न केलं नाही, माहितीये ना? लोकांची धुणीभांडी करून नर्सिंग शिकली. आणि तू तिला खुनी ठरवणार."

"मी लस गोठली एवढंच लिहिणार."

"तेच ते. तुमच्या भाषेत तसं म्हणतात." त्याने ताट सारलं. "तुझ्याजवळ सगळं मोजायचं यंत्र आहे. माणसाचं तेवढं नाही." मग उशी आणि पांघरूण घेऊन तो पुढच्या खोलीत गेला. तिथला दिवाण त्याला आखूड पडत होता. पण रागाला लांबी लागत नाही.

अहवाल गेला. बाईंनी शब्द पाळला होता. तपासणीत पेटी कशी उघडली गेली हे चौथ्या पानावर होतं, प्रशिक्षणाचं पाचव्या. संचालकांनी वर पाठवताना तीच दोन पानं गाळली आणि सोबत पत्र जोडलं, की खात्याच्या सतर्कतेमुळे एका कर्मचाऱ्याचा गंभीर हलगर्जीपणा वेळीच उघड झाला आहे. अक्का निलंबित झाली. पुन्हा टोचण्याचा हुकूम निघाला. तो निघाला एवढ्यावर नमुनाबाईंनी दोन पानांचं भांडण पुढे ढकललं.

वस्तीत टेबल लागलं, नवी नर्स आली, नमुनाबाई शेजारी यादी घेऊन बसल्या. पहिल्या तीन दिवसांत बावीस मुलं आली.

"मागे काय टोचलंत मग, नळाचं पाणी?" एक बाई लांबूनच म्हणाली.

"आधी रक्त नेलं, आता सुया घेऊन आलेत. पोरं आहेत का टाचणीच्या उशा?"

"हिला विचारा की. हीच ती रक्तवाली. हिच्या नणंदेनेच केलंय सगळं. घरचा धंदा आहे."

तिसऱ्या दिवशी कुणीतरी वरच्या मजल्यावरून बादली ओतली. यादी भिजली. नमुनाबाईंनी ती पानं उन्हात पसरली आणि वर खडे ठेवून राखत बसल्या.

चौथ्या दिवशी अक्का आली. युनिफॉर्म नव्हता, म्हणून नव्या नर्सने ओळखलं नाही. ती टेबलापाशी थांबलीच नाही. पहिल्या दारापासून सुरुवात केली.

"सरकारने नाही बिघडवली, मी बिघडवली," ती प्रत्येक दारात सांगत होती. "चांगली राहावी म्हणून जास्त गार ठेवली, गोठली. मला कळलं नाही. शिव्या मला दे, पोर तिकडे पाठव."

लोकांनी दोन्ही केलं. शिव्या आधी दिल्या, काहींनी तर घरातल्या म्हाताऱ्यांनाही बोलावून द्यायला लावल्या. एक जण तिच्या पायाशी थुंकला. ती पुढच्या दाराकडे गेली. दुपारपर्यंत रांग नळापर्यंत पोचली.

येता-जाता एकदा ती टेबलापाशी आली तेव्हा नमुनाबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"तुझ्यासाठी नाही आले," अक्का म्हणाली आणि पाणी न घेता गेली.

सहाव्या दिवशी टेबल उठलं तेव्हा सहाशे चाळीसपैकी सहाशे नऊ झाली होती. त्या थंडीत वस्तीत घटसर्प आला नाही. संचालकांना राजधानीत भाषणाला बोलावलं, विषय सतर्कता. उपसंचालकाच्या खुर्चीवर दुसरे कुणी बसले, त्यांचं अक्षर चांगलं आहे. गाळलेल्या दोन पानांसाठी नमुनाबाईंनी सात पत्रं लिहिली. आठवं लिहायच्या आत त्यांची बदली जुने अहवाल लावायच्या तळघरात झाली. नवरा दिवाणावरच झोपतो. अक्काची चौकशी चार महिन्यांत संपली नाही, आणि चौकशी चालू असताना निरोप देत नाहीत.

आता राहिलं शेवटचं खातं. सहाव्या दिवशी, टेबल उठायच्या जरा आधी, एक बाई तान्ह्याला घेऊन आली.

"घरात तीन वर्षांखालची किती?" नव्या नर्सने वर न बघता विचारलं.

"दोन."

"दुसरं कुठंय? त्यालाही आणा."

बाईने तान्ह्याचं टोपरं सारखं केलं. नर्सने आकडा लिहून पुन्हा विचारलं. नमुनाबाईंना त्या दगावलेल्या मुलीचा नमुना नंबर आठवला, पण त्या यादीकडेच बघत राहिल्या. भिंतीला टेकून उभी असलेली अक्का पुढे आली.

"एक लिही," ती म्हणाली.

बाईने तिच्याकडे पाहिलं. शिवी दिली नाही. तान्ह्याची मांडी मोकळी करून पुढे केली, आणि अक्काने धरायला हात लांबवला तेव्हा पोर दुसऱ्या बाजूला वळवून स्वतःच धरलं.

नर्सने खाडाखोड करून ओळ पूर्ण केली. मुलं एक, टोचलेली एक, बाकी शून्य.