कॅमेऱ्याबाहेरचा आवाज

एक्केचाळीस वर्षं मी टीव्हीवर काम करतोय, आणि लीड्समधल्या आमच्या चिप्सवाल्याला अजून वाटतं, मी निवृत्त पोस्टमन आहे. चूक त्याची नाही. गुन्हेगारी मालिकांमध्ये माझा सात वेळा खून झालाय, त्यातले पाच तर पहिली जाहिरात लागायच्या आत. बाकी पाद्री, हवालदार, बँकेतला कारकून. माझा चेहरा लोकांना दिसतो, लक्षात मात्र राहत नाही.

त्या सोमवारी सकाळी माझी एजंट फिलिपा फोनवर म्हणाली, "डेस, सहा भागांचं काम आहे. बारा वाजायच्या आत टेप पाठव. नेहमीसारखा घोळ घालू नकोस."

हल्ली ऑडिशन घरीच होते. मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर उभा करायचा, मागे कोरी भिंत, आणि समोरच्या पात्राची वाक्यं कॅमेऱ्याबाहेरून कुणीतरी वाचायची. हे कुणीतरी आणायचं कुठून? तरुण नट चारचौघं मिळून एका घरात राहतात. माझ्या घरात केटल आहे.

प्रसंग होता रुसून बहिणीकडे गेलेल्या बायकोला परत न्यायला आलेल्या कोळ्याचा. मी घरच्या लँडलाइनच्या स्पीकरवर ऑड्रीला फोन लावला. नऊ वर्षांपूर्वी ती मला सोडून व्हिटबीला गेली, केनेथकडे. काम मला हवंच होतं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त ती परत हवी होती. स्वतःच्या तोंडानं ते म्हणायची माझी कधी छाती झाली नाही. आता दुसऱ्या कुणी लिहून दिलं होतं.

"दुसरं कुणी सापडलं नाही तुला?" ऑड्री म्हणाली.

"तुझ्याइतकं वाईट वाचणारं नाही सापडलं. तुझ्यापुढे मी उठून दिसतो."

"मेल्या, पाठव कागद. केनेथ कुत्र्याला फिरवून येईपर्यंत आटप."

तिसऱ्या टेकला जमलं. तरी मी म्हणालो, खालून बस गेली, परत करू. मग म्हणालो, उजेड गेला. मग पुन्हा बस.

"डेस, तुझ्या रस्त्यावरून बस जात नाही."

"आता जाते," मी ठोकून दिलं.

ती हसली आणि पुन्हा वाचायला लागली. नवव्या टेकला मी कागदावरचं सोडलं.

"घरी ये, ऑड्री. मला एकट्यानं नाही जमत. करून पाहिलं, नाही जमत."

कोळ्याच्या बायकोचं नाव मार्था होतं.

मी थांबलो. आमची भेट झाली तेव्हा ऑड्री स्कारबरोच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होती. विंगेत बसून अडलेल्या नटाला वाक्य पुरवायची. नट विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे ती श्वासावरून ओळखायची, आणि कधीही चुकली नाही. मी मुद्दाम थांबलोय, उत्तराची वाट पाहतोय, हे तिला नक्की कळलं होतं.

शेवटी विंगेतून यायचा तशा हलक्या आवाजात ती म्हणाली, "'बरं, मग निघतो मी.'"

ते कोळ्याचं शेवटचं वाक्य होतं.

"बरं," मी म्हणालो, "मग निघतो मी."

ऑड्रीनं नाक ओढलं. "छान झालं. मधलं तेवढं काप, आणि हाच पाठव."