भोंबोलचं पोट

भोंबोल बोक्याचं पोट बिघडलं ते अगदी मुहूर्त साधून. जमाईषष्ठीला पाच दिवस उरले होते. त्या दिवशी जावयाला सासुरवाडीला बोलावून ताटाभोवती वाट्यांची रांग मांडतात, आणि जावयाच्या निमित्तानं लेकीलाही माहेर दिसतं. कंकणा दोन वर्षं गेली नव्हती. पहिल्या वर्षी नवऱ्याला रजा मिळाली नाही, दुसऱ्या वर्षी सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. यंदा बुधवार संध्याकाळची जलपायगुडीची तिकिटं कपाटात होती, आणि ती जागेवर आहेत ना हे ती दिवसातून दोनदा बघून येत असे.

त्याआधी आसनसोलला लग्न होतं. सगळं घर चार दिवस जाणार, म्हणून बोक्याला बेहाला भागातल्या एका बाईंकडे ठेवायचं कंकणानंच सुचवलं. त्या बाई लोकांची मांजरं सांभाळतात. जागा स्वच्छ, बाई प्रेमळ, पण खाणं पाकिटातलं कोरडं, आणि शेजारच्या खोलीत रात्रंदिवस ओरडणारे परके बोके. शनिवारी भोंबोल घरी आला तो जुलाब घेऊनच.

सासूबाईंनी, म्हणजे अणिमादेवींनी, कपाळाला हात लावला.

"षष्ठीमातेचं वाहन आहे ते, बौमा! तिच्या सणाच्या तोंडावर कोंडून ठेवलंस!"

"कोंडलं नव्हतं, मा. चांगली खोली होती."

"खोली म्हणे! मुलाबाळांसाठी जिच्यापुढे हात जोडायचे, तिचं मांजर हगवणीनं बेजार, आणि तू निघालीस माहेरी आंबे खायला. ह्याचं पोट ताळ्यावर आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, सांगून ठेवते."

नवरा शुभमय वर्तमानपत्रामागून म्हणाला, "होईल गं बरा." सासुरवाडीच्या इलिशवर त्याचाही डोळा होता, पण आईशी वाद घालण्याइतका काही तो मासा मोठा नव्हता.

कंकणा पदर खोचून कामाला लागली. डॉक्टरांनी बोक्याला उलटासुलटा करून पाहिलं. "ताप नाही, रक्त पडत नाही, पंजाही मारतोय. मग घाबरू नका. जागा बदलली, खाणं बदललं की पोट बिघडतं. उकडलेला मासा द्या, मीठ-हळद न घालता, थोडा थोडा, दिवसातून पाच वेळा. पाणी भरपूर. ही पूड त्यात मिसळा. दूध मात्र थेंबभरही नको. आणि मलूल पडला तर तडक इकडे आणा."

घरी येऊन तिनं हे सगळं सासूबाईंना दोनदा वाचून दाखवलं. मग रोज काटे काढून मासा उकडायचा, घड्याळ लावून भरवायचा, वाळूचा ट्रे उपसायचा. एकदा शुभमयनं चुकून बोक्याच्या माशाची वाटी उचलली आणि दोन घास खाऊन म्हणाला, "हे काय, आजाऱ्याचं जेवण?"

"आजाऱ्याचंच आहे ते," कंकणा म्हणाली.

रविवारी संध्याकाळी भोंबोल सुधारला, सोमवारी सकाळी पुन्हा तेच. सोमवारी संध्याकाळी पुन्हा सुधारला, मंगळवारी सकाळी पुन्हा रडगाणं. जलपायगुडीहून आईचा फोन आला, "येताय ना गं नक्की?" कंकणा "बघू" म्हणाली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. बोक्याचा राग यावा, तर तो बिचारा पायाशी अंग घासत होता.

बुधवारी सकाळी ट्रे उपसताना तिला वाळूत भाताची शितं दिसली. नाक दाबून ती खाली वाकली. बोक्याला कुणी भात घातला नव्हता. आणि ही शितंही कशी, बारीक, आखूड, गोविंदभोग तांदळाची. तो तांदूळ या घरात फक्त खिरीत पडतो, आणि खीर एकच बाई रांधते, पहाटे, देवापुढे ठेवायला. कंकणा देवघरात गेली. षष्ठीमातेच्या तसबिरीमागे चांदीची वाटी होती, घासायची गरज नाही इतकी लख्ख चाटलेली.

अणिमादेवी व्हरांड्यात षष्ठीचे दोरे हळदीत भिजवत बसल्या होत्या.

"झालं का बरं तुझं लेकरू?"

"नाही, मा."

"होईल कसं? कहाणी ठाऊक आहे ना? धाकटी सून चोरून मासे खायची आणि आळ घ्यायची मांजरावर. मग मातेनं तिला कसा धडा शिकवला?"

कंकणानं वाटी त्यांच्यापुढे ठेवली. "ठाऊक आहे. पण मा, मांजराला चोरून खीर चारायची आणि आळ सुनेवर घ्यायचा, त्या सासूचं पुढं काय झालं? ते आहे का कहाणीत?"

अणिमादेवींचा हात हळदीतच राहिला. तेवढ्यात भोंबोल आला, वाटी हुंगली, आणि रोजच्या गिऱ्हाइकासारखा त्यांच्या तोंडाकडे बघत बसला. याहून पक्का साक्षीदार कोर्टातही मिळाला नसता.

"तो भाग आमच्या आईनं कधी सांगितला नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"डॉक्टरांनी दूध नको म्हटलं होतं ना?"

"मग दूध कुठं दिलं मी? प्रसाद दिला. माता रागावू नये म्हणून." त्यांचे डोळे भरले. "आणि चार दिवस परक्या दारी राहून वाळून गेलं होतं गं ते."

कंकणाला आलेला राग निम्मा तिथंच विरघळला, आणि निम्मा उरला तो उरलाच. दोन वर्षांचा होता तो.

अणिमादेवींनी हात पुसले, फोन घेतला आणि सरळ जलपायगुडीला लावला. फोनवर त्या गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं बोलतात.

"विहीणबाई, आज निघताहेत दोघं. मांजर ना? ते मी बिघडवलं. मी म्हणजे मीच, दुसरं कोण? तुमची लेक चार दिवस त्याची घाण काढतेय, आणि मी तिलाच बोल लावत बसले. नाही, नाही, माझ्याकडे राहील ते. मासा पाच वेळा, मीठ नाही, हळद नाही, पाठ आहे मला. आणि ऐका, तिला लगेच परत पाठवू नका. आठ दिवस ठेवून घ्या. दोन वर्षं झाली पोरीला."

मग हळदीनं पिवळ्या झालेल्या बोटांनी त्यांनी फोन पुढं केला. "घे. तुझी आई रडतेय."

कंकणानं फोन कानाला लावला आणि म्हणाली, "येतोय गं आई, नक्की."